चार सूत आणि बारा मिलिमीटर : एका सुतारशाळेतल्या बिटं-चकत्यांच्या पेटीचं प्रकरण

तळकोकणातली ही सुतारशाळा बेताची आहे. चौदा बाय अठरा फुटांची जागा, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. एक मिस्त्री आणि दोन कारागीर. कामं दारं-खिडक्यांची, फणसाच्या लाकडातल्या फर्निचरची आणि प्लायच्या कपाटांची. मशिनं म्हणाल तर दोन हातड्रिल, एक हॅमर ड्रिल, 4 इंची ग्राइंडर, मार्बल कटर, जिगसॉ, गोल सँडर, लाकडात खाचा मारणारा राउटर, छोटा ट्रिमर आणि 10 इंची टेबल सॉ. मशिनं फळीवर ओळीने ठेवलेली असायची. सगळा घोळ त्यांच्या तोंडात बसणाऱ्या मालाचा होता. बिटं, ब्लेडं, चकत्या, पॉलिश पेपर, कॉलेट (राउटरमध्ये बिटाची दांडी धरणारी चिरलेली नळी) आणि पाने हे सगळं रंगाच्या एका बादलीत, बिस्किटांच्या तीन डब्यांत आणि टेबलाच्या खणात पडलेलं.

हा प्रश्न टापटिपीचा नाही, हे एका राउटर बिटाने दाखवून दिलं. 18 मिमी प्लायच्या फळीत 10 मिमी खोलीची खाच मारायची होती. सुरुवात 10 मिमीवर झाली. फूटभर पुढे खाच 12 वर गेली आणि टोकाला 14 वर. मशीनची खोली हलली नव्हती, बिट खाली उतरलं होतं. ते काढून उजेडात धरलं तर दांडीवर चकचकीत कडी उठलेली दिसली. कॉलेटच्या तोंडाशी एक ठळक कडं, आणि त्याच्यावर मळसूत्रासारख्या बारीक ओरखड्यांची रांग. हे बिट 12 मिमी दांडीचं होतं आणि राउटरला कॉलेट होतं 12.7 मिमीचं, म्हणजे अर्ध्या इंचाचं.

कारागिरांच्या बोलण्यात अर्धा इंच म्हणजे चार सूत, आणि चार सूत म्हणजे बारा मिलिमीटर. लाकडाच्या मापाला हा हिशोब चालून जातो. कॉलेटला 0.7 मिमीचा फरक चालत नाही. नट आवळला की घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण कॉलेटच्या पाकळ्या दांडीला सबंध लांबीभर न धरता फक्त तोंडाशी चावतात. बिट कापायला लागलं की ही पकड घसरते. दोन सुतांचंही तसंच. 6 मिमी आणि 6.35 मिमीच्या दांड्या शेजारीशेजारी ठेवल्या तरी डोळ्याला फरक कळत नाही. बादलीत दोन्ही मापांचा माल एकत्र पडला असेल तर ही चूक कधी ना कधी होणारच.

आधी एकदा केलेली सोय

या शाळेत आदल्या वर्षी एकदा व्यवस्था लावून झाली होती. ती का फसली हे न पाहता नवीन पेटी केली असती तर तीही त्याच वाटेने गेली असती.

पश्चिमेच्या भिंतीवर भोकांचा हार्डबोर्ड ठोकला होता. त्यात आकडे, आकड्यांवर माल. जांभा पाणी पितो, आणि पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड सरळ येते. जुलैत बोर्ड मधोमध फुगला आणि भोकं ढिली झाल्याने आकडे मालासकट खाली यायला लागले. ज्या स्क्रूंवर बोर्ड होता त्यांच्या प्लॅस्टिकच्या आखूड गिट्ट्या जांभ्याच्या भुसभुशीत अंगात फिरत होत्या, त्यामुळे वरचं वजन वाढलं की बोर्ड पुढे झुकायचा.

ग्राइंडरच्या चकत्या भिंतीतल्या खिळ्यांवर माळेसारख्या अडकवल्या होत्या. 1 मिमी जाडीची कटिंग चकती अशी टांगली की दमट हवेत हळूहळू वाकते, आणि तिच्यातलं राळेचं बंधन ओल शोषून कमजोर होतं. मशीनला लावल्यावर ती थरथरते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 ते 12,000 फेरे घेतो. त्या वेगाला थरथरणारी चकती तुटली तर तुकडे कुणाकडे जातील याचा नेम नाही.

महागाची राउटर बिटं मात्र जपून, फोममध्ये आकार कापून खणात ठेवली होती. सगळ्यात जास्त गंज त्यांनाच आला. पॅकिंगमधून निघणारा मऊ फोम स्पंजासारखा असतो. त्याने पावसाळाभर ओल धरली आणि जिथे जिथे धातू फोमला टेकला होता तिथे तिथे तपकिरी रेघ उमटली. कार्बाइडची धार गंजत नाही हे खरं, पण ती ज्या पोलादी अंगावर बसवलेली असते ते गंजतं आणि टोकाचं बेअरिंग जाम होतं. बेअरिंग फिरेनासं झालं की ते लाकडाच्या कडेवर घासतं आणि काळी जळकी पट्टी पाडतं.

ड्रिलची बिटं लाकडाच्या ठोकळ्यात अर्धवट पाडलेल्या भोकांत, टोक खाली करून उभी होती. दिसायला छान. पण भोकाला खालून वाट नसल्याने भुसा आत साठत गेला, भुशाने ओल धरली आणि बिटाचं टोक, म्हणजे जिथे धार असते नेमकी ती जागा, त्या ओल्या भुशात रुतून राहिली.

आधी चार ढीग

नव्या पेटीचं काम करवतीने सुरू केलं नाही. सगळा माल जमिनीवर चादर टाकून त्यावर ओतला आणि त्याचे ढीग केले. मशीनप्रमाणे ढीग करणं सगळ्यांनाच सुचतं. इथे मुद्दाम वेगळा प्रश्न विचारला: ही वस्तू कशाने बिघडते?

धक्क्याने बिघडणाऱ्या ढिगात कार्बाइडच्या दातांची ब्लेडं, राउटर बिटं आणि गवंडीकामाच्या बिटांची टोकं गेली. कार्बाइड कठीण तितकंच ठिसूळ असतं. दोन ब्लेडं एकमेकांवर आपटली की दाताचा कोपरा उडतो, आणि तो दात पुढे प्रत्येक फेऱ्याला लाकडावर ओरखडा काढतो. वाकून बिघडणाऱ्यांत पातळ चकत्या आणि पॉलिश पेपर. ओलीने बिघडणाऱ्यांत साध्या हायस्पीड पोलादाची बिटं, रंध्याची पाती, बेअरिंगं, शिवाय पुन्हा चकत्या. चौथा ढीग सर्वांत मोठा निघाला, अदलाबदलीने बिघडणाऱ्यांचा. त्यात 6 आणि 6.35, 12 आणि 12.7, लोखंडाची आणि दगडाची चकती, लाकडाचं आणि धातूचं जिगसॉ ब्लेड, पीएच (फिलिप्स) आणि पीझेड (पोझिड्राइव्ह) ही स्क्रू पिळायच्या पान्याची जवळजवळ सारखी दिसणारी टोकं.

पेटीत कशाला कुठली जागा द्यायची हे या ढिगांनी ठरवलं. धक्क्याने बिघडणाऱ्या प्रत्येक नगाला स्वतंत्र घर. वाकणाऱ्या वस्तू आडव्या, वर वजन ठेवून. अदलाबदल होणाऱ्यांसाठी अशी जागा की चुकीची वस्तू तिथे शिरणारच नाही, आणि शिरलीच तर लगेच दिसेल.

याच वेळी बाद माल बाजूला काढला. राळेच्या चकत्यांच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत कोरलेली असते, महिना आणि वर्ष. ती तयार झाल्यापासून साधारण 3 वर्षांची असते. मुदत गेलेल्या, कड भंगलेल्या आणि भिजून वाळलेल्या चकत्या हाताने मोडून टाकल्या. अख्ख्या टाकल्या तर कुणीतरी उचलून परत वापरतो. कडी उठलेलं ते 12 मिमीचं बिटही बाद केलं, कारण खरचटलेली दांडी बरोबर मापाच्या कॉलेटलाही खराब करते.

पेटीचं माप

भिंतीवर काहीही टांगायचं नाही हे पहिल्यांदा ठरलं. पेटी 600 मिमी उंच लाकडी घोडीवर, पूर्वेच्या कोरड्या भिंतीपासून 75 मिमी सुटी. मागून हवा फिरते. वर एक एल-पट्टी खांबाला स्क्रूने धरली आहे, म्हणजे दोन-तीन ट्रे एकदम ओढले तरी पेटी पुढे कलंडत नाही.

खणांना टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे गोळ्यांवर सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, लावले नाहीत. सुतारशाळेत बारीक भुसा चॅनलच्या गोळ्यांत जातो, तेलाबरोबर त्याची लुकण होते आणि वर्षभरात खण अडखळायला लागतो. शिवाय चॅनलवरचा खण सुटा करून टेबलावर नेता येत नाही. इथे साधे सरकते ट्रे केले. ट्रेचा 6 मिमी प्लायचा तळ दोन्ही बाजूंना थोडा बाहेर ठेवला आहे, आणि तो पेटीच्या बाजूंत मारलेल्या खाचांत सरकतो. लागतो तो ट्रे अख्खा काढून कामाच्या टेबलावर घेऊन जायचा.

प्लाय आयएस 710 या भारतीय मानकाचा घेतला, म्हणजे ज्याला मरीन म्हणतात तो. आयएस 303 चा एमआर, म्हणजे बेताची ओल सोसणारा, प्लाय स्वस्त असतो. कोरड्या हवेत तो पुरेसा आहे, पण या किनाऱ्यावर पावसाळ्यात त्याच्या कडा फुलतात आणि खाचांचं माप बिघडतं.

लागलेला माल असा. 18 मिमीचा एक 8 बाय 4 ताव, 12 मिमीचा अर्धा ताव, 6 मिमीचा एक ताव. 18 मिमीतून बाजू 720 बाय 320 दोन, वरची आणि खालची फळी 564 बाय 320 दोन, दार 720 बाय 600 एक. 12 मिमीतून ट्रेच्या भिंतींसाठी 45 मिमी रुंद पट्ट्या, एकूण सुमारे साडेतेरा मीटर. 6 मिमीतून पाठ 720 बाय 600 एक आणि ट्रेचे तळ 576 बाय 300 आठ. तळ कापताना 2440 च्या लांबीत चार-चार अशा दोन रांगा घेतल्या की खाली 600 रुंदीची पट्टी उरते आणि तिच्यात पाठ बसते. एका तावात सगळं भागतं. याशिवाय 38 मिमी लांबीचे स्क्रू 40, दाराला तीन बिजागऱ्या, एक कडी, पाणी सहन करणारा ग्लू अर्धा किलो, रबराची चिकटपट्टी तीन मीटर, 25 बाय 3 मिमीची ॲल्युमिनियम पट्टी दोन मीटर.

पेटीची आतली रुंदी 564. खाच 7 मिमी खोल. ट्रेच्या भिंती बाहेरून 560 रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना 2 मिमी मोकळीक. तळ 576 असल्याने तो भिंतींच्या बाहेर 8-8 मिमी येतो आणि खाचेच्या बुडापासून 1 मिमी सुटा राहतो. ही 1 मिमीची फट बिनकामाची समजून भरून काढू नये. ती नसेल तर ऑगस्टमध्ये ट्रे हलत नाही.

खाचा, आणि डावं-उजवं जुळवणं

आतली उंची 684. तिचे 38 मिमीचे अठरा भाग पाडले, म्हणून प्रत्येक बाजूला सतरा खाचा. बुटक्या मालाचा ट्रे दोन भाग घेतो, उंच मालाचा तीन. सहा बुटके आणि दोन उंच मिळून अठरा. सर्वांत खालचा ट्रे थेट तळफळीवरच सरकतो, म्हणून त्याचा तळ भिंतींबरोबर 560 ला कापला. पुढे माल बदलला तर बाकीचे ट्रे वरखाली करता येतात.

अशा पेट्या बिघडतात त्या इथेच. दोन बाजूंच्या खाचा वेगवेगळ्या मारल्या आणि प्रत्येक खाचेत 0.2 मिमीची चूक पुढे ढकलली गेली, तर सतराव्या खाचेपर्यंत 3 मिमीहून जास्त फरक पडतो. ट्रे एका अंगाला वर, दुसऱ्या अंगाला खाली, आणि अर्ध्यावर अडकलेला. म्हणून बाजू आधी कापूच नयेत. 720 बाय 645 ची एकच फळी घेतली, तिच्यावर गुण्याने आडव्या सतरा रेघा ओढल्या आणि खाचा सबंध फळीभर मारल्या. मग फळी मधोमध उभी चिरून 320 च्या दोन बाजू काढल्या. चूक झाली असेल तर ती दोन्ही बाजूंना सारखीच, आणि ट्रे समतोल राहतो. प्रत्येक खाच वरच्या कडेपासून मोजायची, आधीच्या खाचेपासून नाही.

खाचेची रुंदी दुसरं दुखणं. 6 मिमी म्हणून मिळणारा प्लाय मोजला तर कधी 5.6 भरतो, कधी 6.2. राउटरचं 6 मिमीचं सरळ बिट 6 चीच खाच काढतं, आणि ग्लू किंवा रंग लागलेला तळ तिच्यात जात नाही. गाइडपट्टी आणि राउटर यांच्यात जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालून प्रत्येक खाच दुसऱ्यांदा मारली, ती 6.7 झाली. खोली 7 मिमी दोन फेऱ्यांत घेतली. 18 मिमीच्या फळीत मागे 11 मिमी शिल्लक राहतात, ते पुरे आहेत.

जोडणी साधी, बट जोड (फळीला फळी नुसती टेकवून), ग्लू आणि स्क्रू. पाठ बसवण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजून सारखे केले. पाठ स्क्रूने बसली की चौकट तशीच राहते, नंतर ओढून सरळ होत नाही. मग आतून-बाहेरून पॉलियुरेथेनचे दोन हात, कापलेल्या कडांना तीन. पाठीच्या मागच्या बाजूलाही तेवढेच हात हवेत. ती बाजू दिसत नाही म्हणून सोडली तर प्लाय एकाच अंगाने ओल घेतो आणि पाठ बाक काढते. रंग वाळल्यावर खाचांत मेणबत्ती घासली.

दोन दिवसांचं काम आणि रंग वाळायला आणखी दोन.

राउटरचा ट्रे

सगळ्यात जास्त विचार या ट्रेवर केला, आणि तो करण्यासारखा होता. 22 बिटं होती: 12 मिमीची 6, 12.7 ची 7, 6 ची 5 आणि 6.35 ची 4.

लाकडात नेमक्या मापाचं भोक पाडून त्यालाच मापाचं साधन करायचं, ही पहिली कल्पना पावसाळ्यात टिकत नाही. लाकूड ओलीने फुगतं-आकसतं तसं भोकाचं माप आणि गोलाई बदलते, आणि ते मापाचं साधन राहत नाही. म्हणून माप ॲल्युमिनियमच्या पट्टीत ठेवलं आणि आधार लाकडात. खाली 20 मिमी जाडीचा सागाचा ठोकळा, त्यात दांडीपेक्षा 1 मिमी मोठी आरपार भोकं. वर 3 मिमीची पट्टी, तिच्यात नेमकं भोक. ठोकळा ट्रेच्या तळापासून 8 मिमी उचलून दोन पट्ट्यांवर बसवला. दांडी तळाला टेकते, भुसा भोकातून खाली पडतो आणि बाजूने ब्रशने निघून जातो.

पट्टीतलं भोक पाडायला 12 च्या दांडीसाठी 12 चंच बिट वापरायचं, 12.5 चं नाही. हातड्रिलने पातळ पट्टीत पाडलेलं भोक बिटापेक्षा थोडं मोठं जातंच. 12 च्या बिटाने 12.1-12.2 चं होतं, तेवढ्यात 12 ची दांडी बसते आणि 12.7 ची बसत नाही. 12.5 ने पाडलं तर ते सहज 12.7 पर्यंत जातं आणि सगळी मेहनत वाया जाते. पट्टी लाकडावर घट्ट आवळून आधी 4 चं, मग 8 चं, मग 12 चं. शेवटी गोल कानशीने कडेची धार मोडायची. 6 च्या ओळीसाठी तसंच 6 चं बिट. जाड मापांच्या ओळींना 6.5 आणि 13.

यात एक फट राहते. जाड दांडी बारीक भोकात जाणार नाही, पण बारीक दांडी जाड भोकात आरामात जाईल. तिचा इलाज मोजणीत आहे. जितकी बिटं तितकीच भोकं पाडली, एकही जास्त नाही. 12 च्या ओळीत एक भोक रिकामं आणि राउटरमध्ये बिट नाही, याचा अर्थ ते बिट 12.7 च्या ओळीत जाऊन बसलं आहे किंवा टेबलाखाली पडलं आहे. पुढच्या खरेदीसाठी ठोकळ्यात जागा मोकळी सोडली, पण भोकं पाडली नाहीत. राखीव भोकं ठेवली की रिकामं भोक काही सांगेनासं होतं.

12 आणि 6 या मिलिमीटरच्या ओळी लाल, इंचाच्या ओळी निळ्या. बिटाच्या दांडीच्या अगदी बुडाला रंग लावू नये, कॉलेटमध्ये तो जातो. रंग फक्त पट्टीवर. चारही कॉलेट त्या-त्या ओळीच्या टोकाला, त्याच रंगाच्या घरात. बिटं एकमेकांपासून एवढ्या अंतरावर की दोन धारांमध्ये किमान 12 मिमी उरावेत. मोठ्या व्यासाच्या बिटांना 45 मिमीची घरं दिली.

बाकीचे ट्रे

हायस्पीड पोलादाची बिटं 1 ते 13 मिमी, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने, एकूण 25. 13 मिमीचं बिट सुमारे 151 मिमी लांब असतं, ते बुटक्या ट्रेमध्ये उभं राहत नाही. म्हणून आडवी. 12 मिमी पट्टीवर व्ही आकाराच्या खाचा, दोन बिटांत 6 मिमी अंतर, सगळी मिळून 320 मिमीच्या आत बसतात. खाचांना आडवा 25 मिमी रुंद पन्हळ मारला, त्यात बोट घालून बिट उचलायचं. हा पन्हळ विसरला तर बारीक बिटं नखाने उकरावी लागतात. उरलेल्या जागेत पान्याच्या टोकांचा ठोकळा. या टोकांचं षटकोनी माप समोरासमोरच्या बाजूंत 6.35 असलं तरी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 7.3 भरतं. 7 च्या भोकात ती जात नाहीत, 7.5 चं लागतं. इथे चुंबकपट्टी लावू नये, ग्राइंडरची लोखंडी धूळ तिला दाढीसारखी चिकटते.

लाकडाची बिटं आणि जिगसॉ ब्लेडं एका ट्रेमध्ये. लाकडाच्या बिटांना तेल लावलं तर ते लाकडात उतरतं आणि पुढे पॉलिश धरत नाही. त्यांना मेण, धातूच्या बिटांना शिलाई मशीनचं तेल.

हॅमर ड्रिलची बिटं वेगळ्या ट्रेमध्ये. त्यांच्या 10 मिमी दांडीला ग्रीस असतं, आणि सिमेंटची धूळ ग्रीसबरोबर सगळीकडे जाते.

चकत्यांच्या ट्रेमध्ये 536 रुंदीत 100 मिमीचे पाच गठ्ठे, दोन रांगा. मधल्या भोकाचं माप 16, त्यासाठी तळाला 15 मिमीच्या लाकडी खुंट्या. प्रत्येक गठ्ठ्यावर 18 मिमी प्लायची गोल थाळी दाबून. नवीन माल खाली, जुना वर, म्हणजे मुदतीआधी तो संपतो. दगडाची आणि लोखंडाची चकती ट्रेच्या दोन वेगळ्या रांगांत.

ब्लेडांमध्ये 254 चं मोठं ब्लेड ट्रेच्या 276 खोलीत बसतं. दोन ब्लेडांमध्ये 3 मिमी हार्डबोर्डची चकती, आणि हा ट्रे सर्वांत खाली, कारण वजन त्याचंच जास्त. 125 मिमीचे सँडर पेपर सर्वांत वर, दाण्याप्रमाणे आठ कप्पे, वर टाइलचे तुकडे. दमट हवेत कागद आणि दाण्याचा थर सारखे फुगत नाहीत, म्हणून मोकळा पेपर गुंडाळतो आणि पॅडला कडेने धरत नाही. आठवा, उंच ट्रे होलसॉ, तारेचे ब्रश आणि पान्यांचा.

प्रत्येक ट्रेच्या बाजूला 200 मिमीवर लाल रेघ मारली आहे. त्यापुढे ओढायचा तर खालून दुसरा हात लावूनच, नाहीतर ट्रे पुढे वाकून खाचेतून निसटतो.

ओलीचा हिशोब

दाराला रबरपट्टी लावून आत सिलिका जेल ठेवलं की पेटी कोरडी राहील, असा समज होता. आकडे मांडले की तो टिकत नाही. पेटीची आतली जागा 0.12 घनमीटर. 30 अंश तापमानाला आणि 90 टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत साधारण 27 ग्रॅम पाणी असतं, म्हणजे पेटीतल्या हवेत जेमतेम 3 ग्रॅम. अर्धा किलो जेल 100 ग्रॅम सहज शोषतं, मग अडचण कुठे? अडचण प्लायमध्ये. पेटीत आणि ट्रेमध्ये मिळून 25 किलोच्या आसपास प्लाय आहे. त्यातली ओल 2 टक्क्यांनी बदलली तरी अर्धा किलो पाणी आत-बाहेर होतं. त्यात दार दिवसातून वीस वेळा उघडतं. निळं जेल ओलीने भरून आठवड्यात गुलाबी पडलं.

म्हणून रबरपट्टी भुशासाठी ठेवली आणि कोरडं राखण्याचं काम लहान जागेवर आणलं. स्वयंपाकघरातला रबरी कडेचा, कड्यांनी बंद होणारा पाच लिटरचा डबा. आत 50 ग्रॅम जेल कापडाच्या पुरचुंडीत. त्यात फक्त न उघडलेला जादा माल: रंध्याची पाती, बेअरिंगं, नवी बिटं. हा डबा महिन्यातून दोनदा उघडतो, त्यामुळे जेल टिकतं. गुलाबी झालं की 110 ते 120 अंशांवर, जुन्या वेगळ्या भांड्यात, निळं होईपर्यंत तापवायचं. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, घरातला तवा त्याला वापरू नये.

रोजच्या बिटांना दर शनिवारी तेल-मेणाचं फडकं. याला दुसरा उपाय नाही.

एका पावसाळ्यानंतर

जुलैत दोन ट्रे घट्ट झाले. तळाच्या कापलेल्या कडांना तिसरा हात द्यायचा राहिला होता, त्याच फुगल्या. घासून, रंग देऊन, मेण लावल्यावर सरकायला लागले. चकत्या सपाट राहिल्या. राउटर बिटांवर गंज आला नाही. हायस्पीड बिटांपैकी 5 मिमीखालच्या काहींवर बारीक ठिपके आले. ती सर्वांत जास्त हाताळली जातात आणि घामाच्या हाताने परत जातात. त्यांच्या खाचांच्या तळाला आता तेलाने ओली लोकरीची पट्टी चिकटवली आहे.

पेटीत एका गोष्टीला जागाच ठेवली नव्हती, बोथट मालाला. दात उडालेलं ब्लेड किंवा जळलेलं बिट कारागीर मुकाट्याने त्याच्या घरात परत ठेवायचे, कारण दुसरी जागा नव्हती, आणि पुढच्याच्या हाताला तेच लागायचं. घोडीच्या खालच्या आडव्या पट्टीला लाल रंगाचा एक पत्र्याचा डबा स्क्रूने लावला, आत लाकडी फटी, दात एकमेकांवर आपटू नयेत एवढ्या. धार लावणारा महिन्यातून एकदा तालुक्याहून येतो, तो थेट हाच डबा उघडतो.

राउटरसाठी मधल्या काळात 8 मिमी दांडीची तीन बिटं आली. ठोकळ्यात सोडलेल्या जागेत त्यांची ओळ पडली: पट्टीत 8 च्या बिटाने तीन भोकं, लाल रंग. त्यांचं कॉलेट अजून आलेलं नाही, म्हणून ओळीच्या टोकाचं त्याचं घर रिकामं आहे, आणि तोवर ती बिटं राउटरला लावायची नाहीत असं पट्टीवर खिळ्याने कोरून ठेवलं आहे.